नोटॅममध्ये न सापडणाऱ्या गोष्टी: नव्या खासगी वैमानिकासाठी उड्डाणापूर्वीची तयारी

परवाना हातात आल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी एकटाच एका छोट्या गवती धावपट्टीवर जायला निघालो. आदल्या रात्री हवामान पाहिलं, इंधनाचा हिशेब केला, टॅबलेटवरच्या ॲपमध्ये त्या ठिकाणाचं नाव टाकलं. पडद्यावर उत्तर आलं: सूचना शून्य. मी निर्धास्त झोपलो. दुसऱ्या दिवशी पट्टीच्या वरून फेरी मारताना दिसलं, की पलीकडचा साधारण तिसरा हिस्सा उकरलेला आहे. कडेला मातीचा ढीग, काही पाइप, आणि अलीकडे पांढऱ्या ताडपत्रीचे दोन पट्टे टाकून केलेली फुली. उरलेली लांबी माझ्या विमानाला कदाचित पुरली असती. ‘कदाचित’च्या भरवशावर उतरायचं नाही हे प्रशिक्षकांनी डोक्यात पक्कं बसवलं होतं, म्हणून परत फिरलो.

ॲपमध्ये काही बिघाड नव्हता. त्या पट्टीसाठी नोटॅम, म्हणजे धावपट्टी किंवा हवाई हद्दीतल्या बदलांची वैमानिकांना दिलेली अधिकृत सूचना, काढणारं मुळात कोणी नव्हतंच. ‘सूचना शून्य’ याचा अर्थ ‘कोणी काही कळवलेलं नाही’ एवढाच असतो. मी तो ‘सगळं ठीक आहे’ असा घेतला. नोटॅम वाचायचे कसे हे परीक्षेसाठी सगळेच शिकतात. त्यांत काय नसतं आणि ती उणीव कशी भरून काढायची, हे मात्र बहुतेकांना धक्के खात शिकावं लागतं. ते धक्के तुम्हाला बसू नयेत म्हणून ही पद्धत सविस्तर लिहितो आहे.

पहिली पायरी: सूचना कोणाकोणाच्या हातून येते ते समजून घ्या

धावपट्टीवर खड्डा पडला, की विमानतळ चालवणाऱ्याच्या ते लक्षात यावं लागतं. त्याने नोटॅम कार्यालयाला कळवावं लागतं. तिथला माणूस ठरावीक साच्यात मजकूर बसवतो, तो जाळ्यावर जातो, तुमचं ॲप तो उचलतं, गाळतं आणि मग तुम्हाला दाखवतं. यातला एक दुवा जरी निसटला, तरी खड्डा जागेवरच राहतो आणि सूचना मात्र तुमच्यापर्यंत पोचत नाही.

शिवाय काही गोष्टींसाठी नोटॅम काढायचाच नाही, असा नियमच आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, पंधराव्या परिशिष्टात ही यादी दिलेली आहे. विमानांच्या सुरक्षित हालचालीला बाधा न आणणारी एप्रनवरची (विमानं उभी करायची जागा) आणि टॅक्सीवेवरची (धावपट्टीकडे नेणारा रस्ता) नेहमीची देखभाल, दिव्यांतला असा अंशतः बिघाड की ज्याचा उड्डाणावर थेट परिणाम होत नाही, पर्यायी फ्रिक्वेन्सी उपलब्ध असताना रेडिओ संपर्कातला तात्पुरता दोष, विमान लावून देणाऱ्या मार्शलरची सोय नसणं, टॅक्सीवेवरच्या दिशादर्शक पाट्या बंद असणं. मोठ्या विमान कंपनीच्या वैमानिकाला यातलं बरंचसं खरोखर किरकोळ वाटेल. पण अनोळखी विमानतळावर संध्याकाळच्या वेळी एकट्याने टॅक्सी करणाऱ्या नवख्याला पाटी विझलेली असणं किरकोळ नसतं.

या यादीतली एक नोंद खासगी वैमानिकांनी पाठच करावी. नियंत्रणाबाहेरच्या हवाई हद्दीत व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून नजरेच्या भरवशावर उडण्याच्या, नियमांनी पॅराशूट उड्या चालू असतील, तर त्यासाठीही नोटॅम काढायचा नसतो. आपण बहुतेक वेळा अशाच हद्दीतून आणि अशाच नियमांनी उडतो. पॅराशूट उघडण्याआधी उडी मारणारा माणूस ताशी सुमारे दोनशे किलोमीटर वेगाने खाली येत असतो. तो तुम्हाला दिसणार नाही, तुम्ही दिसलात तरी त्याला वळून जाता येणार नाही. म्हणून नकाशावर पॅराशूटचं चिन्ह दिसलं, की ती जागा चालू आहे असंच धरून चाला, वळसा घाला आणि तिथली फ्रिक्वेन्सी ऐका.

तारांचीही अशीच गोष्ट. विमानतळाच्या परिसराबाहेर जमिनीपासून १५० मीटर, म्हणजे जवळजवळ ५०० फूट, किंवा त्याहून उंच वस्तूलाच साधारणपणे ‘अडथळा’ मानावं अशी आयकाओची शिफारस आहे. त्याहून बुटका टॉवर किंवा दरीवरून गेलेली वीजवाहिनी नकाशातही नसेल आणि नोटॅममध्येही नसेल. ढग खाली आले म्हणून तुम्ही दरीतून खाली खाली जायला लागलात, की ज्या उंचीबद्दल कोणीच काही लिहिलेलं नाही अशा उंचीत शिरता.

दुसरी पायरी: एक नोटॅम मुळापासून वाचून पाहा

ॲप आता नोटॅमचं सोप्या भाषेत रूपांतर करून देतं. ते वापरा, पण निदान महिनाभर तरी मूळ मजकूर वाचायची सवय लावा. गाळणी कुठे चुकते ते मूळ मजकुरातच कळतं.

आयकाओ पद्धतीच्या नोटॅममध्ये सर्वांत वर ‘क्यू’ची ओळ असते. तिरक्या रेघांनी पाडलेले आठ कप्पे. पहिल्यात एफआयआर, म्हणजे ते हवाई माहिती क्षेत्र. दुसऱ्यात पाच अक्षरी संकेत: ‘क्यूएमआरएलसी’ असेल तर ‘एमआर’ म्हणजे धावपट्टी आणि ‘एलसी’ म्हणजे बंद. मग कोणत्या वाहतुकीसाठी, कशासाठी आणि कुठल्या व्याप्तीची सूचना, खालची उंची, वरची उंची, आणि शेवटी अक्षांश-रेखांश व त्याला जोडून नॉटिकल मैलांत त्रिज्या. त्याखाली ‘ए’ मध्ये ठिकाण, ‘बी’ मध्ये सुरुवात, ‘सी’ मध्ये शेवट, ‘डी’ मध्ये रोजचं वेळापत्रक, ‘ई’ मध्ये प्रत्यक्ष मजकूर. हवाई हद्दीच्या सूचनेत ‘एफ’ आणि ‘जी’ मध्ये उंचीच्या मर्यादा.

खरी गोम अशी, की संगणक ‘क्यू’ची ओळ वाचतो आणि माणूस ‘ई’ वाचतो. तुमच्या मार्गावरच्या सूचना निवडताना ॲप प्रामुख्याने ‘क्यू’ मधली त्रिज्या आणि उंची पाहतं. समजा, ग्लायडर स्पर्धेचं क्षेत्र ‘ई’ मध्ये तीस मैलांपर्यंत पसरलेलं लिहिलंय, पण ‘क्यू’ मध्ये घाईत त्रिज्या ००५ पडली आहे. तुमचा मार्ग केंद्रापासून पंधरा मैलांवरून जात असेल, तर ही सूचना तुम्हाला दिसणारच नाही. मजकूर बरोबर, क्षेत्र बरोबर, तरी यादीत ती नाही.

दुसरी गळती ‘कशासाठी’ या कप्प्यात आहे. तिथे ‘बी’ असेल तर सूचना उड्डाणपूर्व पत्रकासाठी निवडलेली असते. तिथे नुसतं ‘एम’ असेल, तर ती संकीर्ण समजली जाते आणि मागितल्याशिवाय पत्रकात येत नाही. म्हणून ॲपच्या सेटिंगमध्ये ‘सर्व सूचना दाखवा’ असा पर्याय असेल, तर नियोजनाच्या रात्री तो चालू करा. कचरा वाढेल. पण रात्री वेळ असतो, सकाळी नसतो.

उंचीच्या गाळणीबद्दलही सांगतो. क्रूझ, म्हणजे मधला सरळ प्रवास, ५,००० फुटांवर आहे म्हणून काही जण गाळणी ४,००० ते ६,००० अशी लावतात. विमान त्या उंचीवर जन्मत नाही. चढताना, उतरताना आणि हवामानामुळे खाली यावं लागलं तर मधल्या सगळ्या थरांतून जावं लागतं. खालची मर्यादा नेहमी जमिनीपासूनच ठेवा.

तिसरी पायरी: वेळ कागदावर मांडा

नोटॅममधली वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते आणि वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं या क्रमाने दहा आकड्यांत लिहिलेली असते. तोंडी हिशेब करू नका. उदाहरण घेऊ. ‘बी’ मध्ये २६०३१४२३००, ‘सी’ मध्ये २६०३१५०७००, धावपट्टी बंद. तुमचं घड्याळ यूटीसीच्या पाच तास पुढे आहे. घाईत वाचणारा म्हणतो, १४ मार्चच्या रात्री अकरा ते १५ च्या सकाळी सात. मी तर साडेसातला पोचणार, म्हणजे पट्टी उघडलेली असेल. प्रत्यक्षात ती तुमच्या घड्याळाने १५ च्या पहाटे चार वाजता बंद होते आणि दुपारी बारा वाजता उघडते. साडेसातला ती ऐन बंद काळात असते. यूटीसीच्या पुढे असलेल्या ठिकाणी पहाटेच्या उड्डाणाला तर तारीखसुद्धा ‘कालची’ लागते, आणि चुका तिथेच सर्वाधिक होतात. मी अजूनही नेव्हिगेशन लॉगच्या वर दोन रकाने पाडतो, एकात यूटीसी, दुसऱ्यात स्थानिक, आणि निघण्याची, पोचण्याची व परतीची वेळ दोन्हींत लिहितो.

शेवटच्या वेळेपुढे ‘ईएसटी’ अशी अक्षरं असतील, तर ती वेळ अंदाजाने दिलेली आहे. काम लवकर संपू शकतं, लांबूही शकतं. आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार असा नोटॅम काढणाऱ्याने तो रद्द करायचा किंवा नव्याने बदलायचा असतो, पण तसं वेळेवर होईलच यावर विसंबू नका. उलट बाजूही लक्षात घ्या. काल संपलेला नोटॅम आज यादीतून गेला, म्हणजे क्रेन तिथून हललीच असं नाही. म्हणून मी आदल्या दिवशी संपलेल्या सूचनाही पाहतो आणि शंका आली की फोन करतो.

चौथी पायरी: शोध रुंद करा

निघायचं ठिकाण आणि पोचायचं ठिकाण एवढ्याच नावांनी शोधणं ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक. तात्पुरती निषिद्ध क्षेत्रं, लष्करी सराव, जीपीएसमध्ये व्यत्ययाची शक्यता, अशा सूचना बहुतेकदा एफआयआरच्या नावावर निघतात. विमानतळाच्या नावाखाली त्या सापडत नाहीत. ज्या ज्या एफआयआरमधून जाणार असाल, त्या सगळ्यांच्या सूचना स्वतंत्रपणे मागवा.

मार्गाच्या दोन्ही बाजूंना किमान २५ नॉटिकल मैल घ्या. दहा मैलांचा पट्टा पुरेसा वाटतो, पण वाटेत एखादं वादळी ढगाचं पुंजकं आडवं आलं, की वळसा घालताना दहा मैल केव्हाच मागे पडतात, आणि तेव्हा तुम्ही न पाहिलेल्या सूचनांच्या मुलखात असता. पर्यायी विमानतळ एकाऐवजी दोन धरा आणि दोघांचे नोटॅम पोचायच्या विमानतळाइतक्याच बारकाईने वाचा. तिथे इंधन मिळत नाही, ही सूचना टाकी भरलेली असताना बिनमहत्त्वाची वाटते. वळावं लागतं, तेव्हा टाकी भरलेली नसते.

पाचवी पायरी: नोटॅमच्या बाहेरचे कागद

तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकणारा तात्पुरता बदल, किंवा आकृत्या लागतील असा बदल, एआयपी पुरवणीत जातो. एआयपी म्हणजे प्रत्येक देशाचा अधिकृत हवाई माहिती ग्रंथ. त्यात आखीव दुरुस्त्या एआयरॅक या आधीच ठरलेल्या तारखांच्या २८ दिवसांच्या चक्राने होतात. दुरुस्ती अमलात आली, की तिची आठवण देणारा ‘ट्रिगर’ नोटॅम निघतो, पण तो कायम राहत नाही. पारंपरिक नियम १४ दिवसांचा आहे. पंधराव्या दिवशी ब्रीफिंगमध्ये त्या बदलाचा मागमूस नसतो आणि तुमच्या बॅगेत मात्र जुना नकाशा असू शकतो. तेव्हा नकाशाची आणि ॲपच्या डेटाची तारीख पाहा, आणि लागू असलेल्या पुरवण्यांची यादी उघडून चाळा. पाच मिनिटांचं काम आहे.

जाता जाता एक: अभ्यासाच्या साहित्यात नोटॅमची दोन विस्तारित नावं दिसली तर गोंधळू नका. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने, डिसेंबर २०२१ मध्ये ‘नोटीस टू एअरमेन’ बदलून ‘नोटीस टू एअर मिशन्स’ केलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा जुनंच नाव घेतलं. सूचना त्याच आहेत.

सहावी पायरी: फोन करा

माझ्या मते सगळ्या पायऱ्यांत ही सर्वांत मोलाची, आणि संकोचापोटी सर्वांत जास्त टाळली जाणारी. छोट्या पट्टीची, क्लबची, खासगी मैदानाची खरी माहिती तिथल्या माणसाजवळ असते. त्याला त्रास होईल असं समजू नका. अचानक कोणी येऊन चिखलात रुतण्यापेक्षा आधी आलेला फोन त्याला केव्हाही आवडतो.

पण विचारायचं कसं, यावर सगळं अवलंबून आहे. “सगळं ठीक आहे ना?” असं विचारलं, की “हो, या की” हेच उत्तर मिळतं. त्याच्यासाठी सगळं ठीकच असतं, तो तिथे रोज असतो. त्या फसलेल्या फेरीनंतर मी असा बोलतो:

“नमस्कार. मी शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास दोन आसनी विमान घेऊन तुमच्याकडे येणार आहे. पहिल्यांदाच येतोय. गेल्या महिनाभरात पट्टीवर किंवा आजूबाजूला काय बदललंय?”

“तसं काही नाही… हां, पूर्वेच्या टोकाला गवत वाढलंय जरा.”

“किती? चाक दिसेल का?”

“चाक नाही दिसायचं. पहिले शंभर मीटर सोडूनच उतरा.”

“शनिवारी तिथे आणखी काय चालू असेल?”

“ग्लायडर आहेत ना. विंच लावतो आम्ही सकाळी नऊपासून.”

दोन साध्या प्रश्नांत शंभर मीटर लांबी कमी झाली आणि विंचची, म्हणजे ग्लायडर ओढून वर चढवणाऱ्या यंत्राची, तार कळली. ती तार ग्लायडरला घेऊन हजार-दोन हजार फुटांपर्यंत जाते आणि हवेत दिसत नाही. पट्टीच्या वरून जाऊन वर्तुळ घ्यायची जी पद्धत तुम्ही शिकलात, ती इथे थेट तारेवर नेऊ शकते. मग पुढचा प्रश्न ओघानेच येतो: कुठल्या बाजूने यायचं, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं. त्याशिवाय पावसानंतर जमीन किती मऊ राहते, तारा कुठल्या बाजूला आहेत, विमान कुठे लावायचं, इंधन नक्की मिळेल का, हे विचारा. उत्तर देणाऱ्याने स्वतः आज पट्टी पाहिली आहे का, हेही विचारा. उत्तरं वेळेसकट लिहून ठेवा.

सातवी पायरी: यादीचे तीन ढीग करा

इतका रुंद शोध घेतला, की साठ-सत्तर सूचना सहज जमतात. त्या क्रमाने वाचत गेलात, तर चाळिसाव्यापर्यंत डोळे नुसते ओळींवरून घसरायला लागतात. आणि यादीचा क्रम महत्त्वाप्रमाणे नसतो.

७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत जे घडलं, ते यासाठी माहीत असायला हवं. तिथल्या दोन समांतर धावपट्ट्यांपैकी ‘२८ डावी’ या नावाची बंद होती, तिचे दिवे मालवलेले होते. एअर कॅनडाची फ्लाइट ७५९ उजव्या पट्टीवर उतरणार होती. वैमानिकांना दोन पट्ट्या दिसणं अपेक्षित होतं. त्यांनी उजवीला डावी समजून तिच्या शेजारचा टॅक्सीवे ही आपली पट्टी मानली. त्या टॅक्सीवेवर उड्डाणाच्या प्रतीक्षेत चार विमानं उभी होती. एअर कॅनडाचं ए३२० विमान सुमारे ६० फुटांपर्यंत खाली येऊन वर गेलं. डावी पट्टी बंद असल्याची सूचना वैमानिकांच्या २७ पानी कागदपत्रांत आठव्या पानावर होती. ती दिलेली होती, आणि ऐन वेळी उपयोगी पडली नाही.

दोन वैमानिक, विमान कंपनी, जमिनीवरून उड्डाणाचं नियोजन करणारा डिस्पॅचर, सगळं पाठीशी असताना हे झालं. आपण कॉकपिटमध्ये एकटे असतो. म्हणून वाचतानाच तीन ढीग करा. पहिल्यात जे उड्डाण थांबवू शकतं: पट्टी बंद, विमानतळ बंद, निषिद्ध क्षेत्र, इंधन नाही. दुसऱ्यात जे बेत बदलायला लावतं: टॅक्सीवे बंद, फ्रिक्वेन्सी बदलली, उतरण्याच्या अंतिम टप्प्यात क्रेन. बाकी सगळं तिसऱ्यात. पहिल्या ढिगातली प्रत्येक गोष्ट नुसती ठळक करून ठेवू नका, नकाशावर आणि विमानतळाच्या आकृतीवर पेन्सिलीने काढा. बंद पट्टीवर फुली मारा. आणि उतरायच्या आधी स्वतःला मोठ्याने सांगा: “डावी पट्टी बंद, दिवे नसतील, मला एकच पट्टी दिसेल.” कागदावरची ओळ आणि खिडकीतून दिसणारं दृश्य यांची सांगड आधीच घातलेली असली, की ऐन वेळी ती शोधावी लागत नाही.

आठवी पायरी: इंजिन सुरू करण्याआधी आणि परतताना

रात्रीचं ब्रीफिंग सकाळपर्यंत शिळं होतं. निघण्याच्या अर्ध्या तासात पुन्हा एकदा ताज्या सूचना घ्या, पण या वेळी फक्त नवीन आलेल्या पाहा. परतीच्या प्रवासासाठी हे हमखास विसरलं जातं. सकाळी दोन्ही बाजूंचं वाचलं होतं, मग चार तास गप्पा आणि जेवणात गेले, आणि संध्याकाळी माणूस तसाच निघतो. परतीला नवं उड्डाण समजा.

यंत्रणाच बंद पडली तर? ११ जानेवारी २०२३ ला अमेरिकेची नोटॅम यंत्रणा कोलमडली. मुख्य आणि राखीव डेटाबेस जुळवताना कंत्राटी कर्मचाऱ्यांकडून चुकून फाइली काढल्या गेल्या, आणि देशभरची उड्डाणं सुमारे दीड तास रोखून धरावी लागली. तुमच्या ॲपने ‘अद्ययावत करता आलं नाही’ म्हटलं आणि खाली जुनी यादी तशीच दाखवली, तर ती आजची समजू नका. यादीवरची वेळ आधी पाहायची, मग यादी. नवी मिळेनाशी झाली तर ब्रीफिंग कार्यालयाला फोन, तेही नसेल तर उड्डाण पुढे ढकला.

हवेत गेल्यावर एटिस, म्हणजे विमानतळाची रेडिओवर सतत वाजणारी माहिती, लवकर ऐका, आणि उड्डाण माहिती सेवेशी संपर्क असेल तर मार्गावरच्या निषिद्ध क्षेत्राचं नाव घेऊन विचारा, ते आत्ता चालू आहे का.

आणि जे तुम्हाला दिसलं, ते कळवा

विझलेला अडथळादीप, पट्टीच्या टोकाशी उभी राहिलेली नवी क्रेन, चुकीची फ्रिक्वेन्सी, यादीत नसलेली फुली. टॉवर असेल तर रेडिओवर, नसेल तर उतरल्यावर विमानतळ चालवणाऱ्याला किंवा नोटॅम कार्यालयाला सांगा. काय दिसलं, नेमकं कुठे, यूटीसीत किती वाजता, एवढं पुरतं. ‘मैदानाजवळ क्रेन’ यावरून कोणाला नोटॅम लिहिता येत नाही. ‘धावपट्टी २७ च्या उंबरठ्यापासून पूर्वेला अंदाजे सहाशे मीटर, मध्यरेषेच्या उत्तरेला, झाडांहून दुप्पट उंच’ यावरून लिहिता येतो.

त्या खणलेल्या पट्टीवरून परतल्यावर मी तिथल्या मालकांना फोन केला होता. पाण्याची पाइपलाइन टाकत होते, आणखी तीन आठवडे काम चालणार होतं. फुली वरून किती उंचीवरून दिसली, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, हजार फुटांवरून नाही, पाचशेवर आल्यावर दिसली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताडपत्रीचे पट्टे दुप्पट रुंद केले आणि तसं कळवायला मला उलट फोन केला.